हायस्कूलचा सुधार आराखडा : आधी नावांची यादी, मग टक्केवारी

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून शाळेच्या नियोजनाविषयी आलेली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांची आणि शाळांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचे जिल्हा परिषद हायस्कूल. आठवी ते दहावी मिळून १४० मुले. पुढच्या वर्षाचा गुणवत्ता सुधार आराखडा मागितला आहे. मागचा आराखडा काढून पाहिला तर पानोपानी ‘विशेष लक्ष देणे’, ‘पालकांचे उद्बोधन करणे’, ‘जनजागृती’. त्यातून काम काहीच झाले नाही. नव्याने करायचा तर सुरुवात कुठून करावी?
*मुख्याध्यापक, यवतमाळ जिल्हा*

सुरुवात जनरल रजिस्टर आणि हजेरीपत्रक समोर घेऊन करा. निकालपत्रक सध्या बाजूला ठेवा, कारण ते अर्धीच गोष्ट सांगते.

समजा, तीन वर्षांपूर्वी आठवीत ४८ मुले होती. त्यांतली ४४ नववीत पोचली, ३६ दहावीत. बोर्डाच्या परीक्षेला ३५ बसली आणि ३२ पास झाली. फलकावर निकाल लागला ९१.४३ टक्के. पण आठवीतल्या ४८ पैकी दहावी पास झाली ३२, म्हणजे ६६.६७ टक्के. मधली सोळा मुले कुठे गेली, हा तुमच्या आराखड्याचा खरा विषय. त्यांची नावे लिहा आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहा : दाखला नेऊन दुसऱ्या शाळेत प्रत्यक्ष बसला, कामाला गेला, लग्न झाले, नववीत नापास होऊन घरी बसली, दहावीत दोन विषय राहिले. दाखला नेला म्हणजे मूल दुसरीकडे शिकत आहे असे धरू नका. यू-डायस प्लस या सरकारी ऑनलाइन नोंदणीत ते मूल ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या पण दुसरीकडे न नोंदलेल्या मुलांच्या यादीत) पडून आहे की दुसऱ्या शाळेने ओढून घेतले, हे पाहिले की खरे काय ते कळते.

मग हजेरी. सरासरी हजेरी काढू नका, तिने काही कळत नाही. ८५ टक्के सरासरीचा अर्थ सगळी मुले अधूनमधून गैरहजर असाही होतो, आणि वीस मुले जवळपास येतच नाहीत असाही होतो. महिन्यात २४ दिवस शाळा भरली असेल तर तीन किंवा अधिक दिवस गैरहजर राहिलेल्या प्रत्येक मुलाचे नाव वेगळ्या कागदावर घ्या. जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांच्या याद्या शेजारी ठेवल्या की दोन्हींत असलेली नावे दिसतात. वर्षअखेरीस अडचणीत येणारी बहुतेक मुले त्याच नावांत सापडतील.

हजेरी वारानुसारही पाहा. आठवडी बाजाराच्या दिवशी किती मुले कमी असतात, शनिवारी किती, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी किती. शिवाय हजेरी एकदाच, सकाळी घेत असाल तर दोन आठवडे मधल्या सुट्टीनंतर पुन्हा घेऊन पाहा. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीची मुले डबा न आणता आली असतील तर सुट्टीत घरी जातात, त्यातली काही परत येत नाहीत. हजेरीपत्रकात ती दिवसभर हजर असतात आणि शेवटच्या तीन तासिकांना वर्ग अर्धा असतो. गणित-विज्ञानाचे तास नेमके तिथे असतील तर दोष शिकवण्याचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

इतके हाती आले की तीन याद्या होतात : गैरहजेरीची, वाचन आणि गणितात मागे असलेल्यांची, आणि शाळा सुटण्याच्या बेतात असलेल्यांची. काही नावे तिन्ही यादीत येतील. त्या मुलांपासून सुरुवात.

आराखड्यात उद्दिष्टे तीनच ठेवा. दहा ठेवली की एकही होत नाही. उद्दिष्ट असे लिहा की वर्षअखेर ते झाले की नाही यावर वाद होऊ नये. ‘हजेरी सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘जुलै-ऑगस्टच्या यादीतील २२ मुलांपैकी किमान १५ मुले डिसेंबर-जानेवारीत महिन्याला तीनपेक्षा कमी दिवस गैरहजर’ हे उद्दिष्ट. त्याखाली चार ओळी पुरतात : काय करणार, कोण करणार (एकाच माणसाचे नाव, ‘सर्व शिक्षक’ नको), कोणत्या तारखेपर्यंत, आणि झाले हे कशावरून कळेल.

वेळेचा हिशेब आपल्याकडे जरा वेगळा आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात. दुसरीकडे दहावीची परीक्षा पूर्वीपेक्षा लवकर होऊ लागली आहे. २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे दहावीला शिकवायला हाती उरतात जेमतेम आठ महिने, त्यातून दिवाळी आणि सत्र परीक्षा वजा करा. पुण्याकडचे वार्षिक नियोजन जसेच्या तसे उतरवले तर शेवटचे दोन-तीन धडे दर वर्षी राहणारच. दहावीचा अभ्यासक्रम डिसेंबरअखेर संपला पाहिजे असे मागून पुढे मोजत या. आराखडा मार्च-एप्रिलमध्ये, सकाळच्या शाळेच्या काळात, शिक्षक हाताशी असताना तयार करा. जूनमध्ये प्रवेश, पुस्तकवाटप आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच पंधरा दिवस जातात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा करणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असतात. हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीसाठी शाळा व्यवस्थापन व विकास समिती. व्यवहारात दोन्ही बैठका एकाच दिवशी घ्या, पण इतिवृत्त वेगवेगळे लिहा, तपासणीत तेच अडते.

शेवटची गोष्ट, आणि आराखडे बहुधा इथेच मरतात : महिन्यातून एकदा ४५ मिनिटांची आढावा बैठक. तिचा दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा, उदाहरणार्थ महिन्याचा पहिला शनिवार. बैठकीत फक्त यादी वाचायची. नाव घ्यायचे, गेल्या महिन्यात काय केले, फरक पडला का, पुढे काय. एका नावाला दीड मिनिट दिले तरी पंचवीस नावे होतात. शासकीय पत्रे, गणवेश, सहल हे विषय त्या दिवशी घेऊ नका.

प्रश्न : नववीत ५२ मुले. चाचणी घेतली तर निम्म्यांना साधा भागाकार येत नाही. वास्तव संख्या आणि बहुपदी शिकवायच्या, की पाचवीचे गणित? अभ्यासक्रम पूर्ण करा, असा वरून आग्रह आहे.
*गणित शिक्षक, वाशिम जिल्हा*

दोन्ही, पण क्रम बदलून. ज्याला अपूर्णांक येत नाहीत त्याला वास्तव संख्या शिकवणे म्हणजे पाया न भरता दुसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकणे आहे.

आधी चाचणी नीट बनवा. वीस उदाहरणे, चाळीस मिनिटे, दोन पाने. किती बरोबर यापेक्षा चूक कशी झाली हे कळेल अशी उदाहरणे निवडा. ९१८ ÷ ९ द्या. बरोबर उत्तर १०२. मूल १२ लिहीत असेल तर त्याला भागाकाराची रीत येते, पण भागफळातला शून्य कळलेला नाही. ते दोन तासिकांचे काम आहे. काहीच लिहिले नसेल तर पाढ्यांपासून सुरुवात. ३/४ + १/६ चे उत्तर ४/१० आले तर अंश-अंश आणि छेद-छेद मिळवले, म्हणजे अपूर्णांक ही एक संख्या आहे हेच पोचलेले नाही. ०.३५ आणि ०.४ मध्ये मोठी कोणती, असे विचारा. ‘०.३५’ म्हणणारी मुले दशांश चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचत आहेत. ५ − ८, (−३) × (−४), आणि ३x + ५ = २० ही तीन उदाहरणे असलीच पाहिजेत.

पेपर तपासताना गुण मांडू नका, तक्ता मांडा : उभ्या रकान्यात मुले, आडव्या ओळीत उदाहरणे, चूक तिथे फुली. ज्या उदाहरणाखाली तीस फुल्या ते सगळ्या वर्गाला शिकवायचे. ज्याखाली सहा, ते त्या सहांनाच.

आता गट. ८ पेक्षा कमी बरोबर तो पहिला गट, ८ ते १४ दुसरा, १५ किंवा अधिक तो तिसरा. पहिला गट सर्वांत अनुभवी गणित शिक्षकाने घ्यावा. बहुतेक ठिकाणी उलट होते : हुशार मुले मुख्य शिक्षकाकडे आणि कच्ची मुले तासिका तत्त्वावर आलेल्या नव्या शिक्षकाकडे. ते फसते. दुसरा गट विज्ञान शिक्षकाकडे द्या. तिसरा गट जोड्यांनी दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवू शकतो, त्याला कोणीतरी नजरेखाली ठेवले म्हणजे झाले.

रोज पहिली तासिका, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. एकूण तीस तासिका, वीस तास. चाळीस मिनिटांची वाटणी अशी : पाच मिनिटे तोंडी पाढे आणि बेरीज-वजाबाकी, दहा मिनिटे एकच उदाहरण सगळ्यांनी पाटीवर, पंधरा मिनिटे सहा उदाहरणांचा सराव, पाच मिनिटे शेजाऱ्याचे तपासणे, शेवटी पाच मिनिटांत चिठ्ठीवर दोन उदाहरणे. चिठ्ठ्या त्याच दिवशी पाहा, उद्या काय घ्यायचे ते त्या सांगतात. पहिले दोन आठवडे स्थानिक किंमत, गुणाकार, भागाकार. पुढचे दोन अपूर्णांक. पाचवा दशांश आणि शेकडेवारी. सहावा ऋण संख्या आणि एका चलाचे समीकरण.

शेकडेवारीला उदाहरणे गावातली घ्या. कापसाच्या ओलाव्याचे घ्या : सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला कपात, १२ च्या वर खरेदीच नाही. एका क्विंटलला किती रुपये कटतात, हे वर्गातल्या ज्या मुलाने जिनिंगवर बापासोबत रात्र काढली आहे त्याला फळ्यापाशी उभे करून विचारा.

सहा आठवडे अभ्यासक्रम थांबतो का? नाही. बीजगणितात ‘संच’ हे प्रकरण पहिलेच आहे, त्याला अपूर्णांक फारसे लागत नाहीत. भूमितीतले मूलभूत संबोध आणि समांतर रेषा याच काळात घ्या. ‘वास्तव संख्या’ सातव्या आठवड्यात काढा. तोवर मुले तयार झालेली असतील, आणि जिथे बारा तासिका लागायच्या तिथे आठ पुरतील.

हे बिघडते ते दोन कारणांनी. तिसऱ्या आठवड्यात शिक्षक पुन्हा फळ्याकडे वळतो, मुले उतरवून घेतात आणि वर्ग शांत दिसतो. दुसरे, सहा आठवड्यांनी तीच चाचणी आकडे बदलून पुन्हा घेतलीच जात नाही, त्यामुळे कोण अजून मागे आहे हे कोणालाच माहीत नसते.

तिसरे कारणही आहे, पण ते दहावीत दिसते : कच्च्या मुलांनाही पुस्तकातली सर्वांत अवघड उदाहरणे पाठ करायला लावणे. बीजगणित आणि भूमितीचे पेपर ४०-४० गुणांचे, प्रत्येकी दोन तासांचे. त्यात पहिल्या दोन प्रश्नांना मिळून २० गुण आहेत, आणि ते एक आणि दोन गुणांच्या सोप्या उदाहरणांचे व चौकटी भरायच्या कृतींचे. काठावरच्या मुलाला जानेवारीपासून तेवढेच पक्के करून द्या.

प्रश्न : दिवाळीनंतर वर्ग ओस पडतो. मुले कापूस वेचायला जातात. पालकांना सांगून थकलो. दंड करावा, असा ठराव समितीत आला आहे.
*शाळा व्यवस्थापन समिती अध्यक्ष, अमरावती जिल्हा*

दंड करू नका. ज्याच्या घरी मजूर मिळत नाही आणि बोंड फुटून बसले आहे तो दंडही भरणार नाही आणि मूलही पाठवणार नाही, उलट दाखला मागायला येईल.

आधी हंगाम लिहून काढा. तुमच्याकडे सोयाबीनची सोंगणी साधारण सप्टेंबरअखेरपासून, कापसाची पहिली वेचणी दिवाळीच्या आगेमागे आणि शेवटची जानेवारी-फेब्रुवारीत. (पूर्व विदर्भातल्या वाचकांनी इथे धानाची रोवणी जुलै-ऑगस्ट आणि कापणी नोव्हेंबर असे वाचावे. गडचिरोली-गोंदियाकडे मोहफुलाचा हंगाम तर नववीच्या वार्षिक परीक्षेवरच येतो.) गैरहजेरी सगळा हंगामभर सारखी नसते. प्रत्येक वेचणीचे आठ-दहा दिवस गर्दीचे असतात. ते दिवस गावातल्या दोन शेतकऱ्यांना विचारून आधीच कळतात.

त्या दिवसांत नवा अवघड धडा सुरू करू नका, उजळणी, प्रयोग, तोंडी परीक्षा ठेवा. घरोघरी फिरून एकच बोलणे करा : पूर्ण दिवस नको, पोराला शाळा सुटल्यावर आणि रविवारी न्या. सोमवार ते शुक्रवार पहिल्या चार तासिका तरी पाठवा. सगळे ऐकणार नाहीत, अर्धे ऐकतात. चार दिवसांहून जास्त गैरहजर राहिलेल्या मुलासाठी ‘परत आल्यावरची वही’ ठेवा : प्रत्येक विषयाचा एक वर्गमित्र, त्याने त्या दिवशी काय झाले ते चार ओळीत लिहायचे. परतलेल्या मुलाला वर्गात उभे करून ‘कुठे होतास’ विचारण्याची पद्धत बंद करा. त्या एका प्रश्नाच्या भीतीने चार दिवसांची गैरहजेरी पंधरा दिवसांची होते.

कुटुंबच ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर स्थलांतर करत असेल तर प्रश्न वेगळा. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून हंगामी वसतिगृहाची मागणी करता येते. ती कुटुंबे निघायच्या आधी, ऑक्टोबरमध्येच नावांसह पंचायत समितीत गेली पाहिजे. नववी-दहावीसाठी आजी-आजोबांकडे राहणारी मुले शोधून त्यांच्या संध्याकाळच्या अभ्यासाची सोय शाळेतच करावी लागते.

प्रश्न : माही पोरगी नववीत शिकते. शाळा सात किलोमीटर. सकाळची यष्टी कधी येते, कधी येतच नाई. तिचा बाप म्हणते, आता पुरे झालं, घरी बसव. सायकल भेटते म्हणतात, तर आमाले काहून नाई भेटली?
*एक आई, वर्धा जिल्हा*

ताई, मानव विकास कार्यक्रमातली सायकल आठवी ते बारावीच्या मुलींना, पण शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनाच मिळते, आणि तीही त्या कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत. तुमचे अंतर सात किलोमीटर, म्हणून नाव बसले नाही. तुमच्यासाठी बस आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत पूर्ण मोफत आहे, फॉर्म मुख्याध्यापकांच्या सहीने आगारात जातो. तुमचा तालुका मानव विकासमध्ये असेल तर मुलींसाठीच्या वेगळ्या गाड्याही आहेत.

गाडी वेळेवर यावी म्हणून एकटीने अर्ज करू नका. तुमच्या आणि वाटेवरच्या गावांतल्या सगळ्या मुलींची यादी करा : नाव, वर्ग, गाव, चढायचा थांबा. खाली शाळा किती वाजता भरते आणि सुटते ते लिहा. पंधरा दिवस गाडी किती वाजता आली ते रोज वहीत लिहून तो कागदही जोडा. मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगार व्यवस्थापकांना द्या, पोच घ्या, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. नुसत्या ‘गाडी येत नाही’ या तक्रारीवर काही होत नाही, तारीख-वेळेच्या कागदावर होते.

तेवढ्यात शिक्षण थांबवू नका. तालुक्याच्या गावी समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाचे मुलींचे वसतिगृह आहे का ते शाळेत विचारा. आणि बापाच्या मनात पोरीचे लग्न घोळत असेल तर तेही मुख्याध्यापकांना सांगा. शाळेत सखी सावित्री समिती त्याचसाठी आहे, आणि १०९८ हा फोन चोवीस तास चालतो.

प्रश्न : आमच्याकडची बहुतेक मुले घरी माडिया बोलतात. वर्गात मराठी समजते, पण लिहायला सांगितले की दोन शब्दांवर थांबतात. विज्ञानात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न सगळेच सोडून देतात.
*शिक्षिका, गडचिरोली जिल्हा*

बोलण्याची मराठी आणि पुस्तकातली मराठी वेगळ्या आहेत. ‘अपवर्तन’, ‘प्रवणता’, ‘सममूल्य’ हे शब्द घरी मराठी बोलणाऱ्या वऱ्हाडी मुलालाही परकेच असतात. तुमच्या मुलांना ते दुप्पट परके.

प्रत्येक धड्यातले आठ ते दहा शब्द आधीच काढा. धडा सुरू करण्यापूर्वी एक तासिका फक्त त्या शब्दांना : वस्तू किंवा चित्र दाखवा, मुलांकडूनच त्यांच्या भाषेतला शब्द किंवा वर्णन घ्या आणि दोन्ही कागदावर लिहून भिंतीला लावा. वर्गात माडियात आपसांत बोलू द्या. विचार तिथे होतो, तो थांबवला तर लिहायला काही उरत नाही.

लिहिण्यासाठी साचा द्या. शास्त्रीय कारणाचे उत्तर तीन वाक्यांचे : काय आहे, का होते, म्हणून काय. ‘तारे लुकलुकतात’ घ्या. पहिले वाक्य : तारे खूप दूर असल्याने आपल्याला प्रकाशाच्या बिंदूसारखे दिसतात. दुसरे : वातावरणातील हवेची घनता आणि तापमान सतत बदलत असल्याने प्रकाशाचे अपवर्तन सतत बदलते. तिसरे : म्हणून ताऱ्याची तेजस्विता कमीजास्त होताना दिसते. पहिला आठवडा तिन्ही वाक्ये उलटसुलट देऊन क्रम लावायला सांगा. दुसऱ्या आठवड्यात मधले वाक्य कोरे ठेवा. तिसऱ्यात फक्त ‘कारण’ आणि ‘म्हणून’ एवढेच दोन शब्द द्या. रोज एक कारण, आधी जोडीत तोंडी, मग वहीत. शुद्धलेखनाच्या चुकांना या काळात लाल शाई लावू नका, आशय तपासा. बोर्डाचा पेपर मराठीतच लिहायचा आहे, त्यामुळे लिहिण्याचा सराव कमी करून चालणार नाही. मोठ्या निबंधाऐवजी रोजच्या पाच ओळी जास्त कामाच्या.

प्रश्न : निकाल शंभर टक्के हवा म्हणून नववीतल्या कच्च्या मुलांना १७ नंबरचा (खासगी विद्यार्थ्याचा) फॉर्म भरायला सांगावे, असा सल्ला मिळतो. काय करावे?
*वर्गशिक्षक, बुलढाणा जिल्हा*

असे सांगू नये. खासगी विद्यार्थी म्हणून बसणाऱ्या मुलाचा रोजचा वर्ग जातो, एसटीचा पास जातो, एनएमएमएसची शिष्यवृत्ती असेल तर तीही जाते (वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी). आणि ज्याला शाळेत बसून गणित आले नाही त्याला घरी बसून येईल, हे कशाच्या आधारावर धरायचे? पहिल्या उत्तरात सांगितलेला आठवीपासूनचा हिशेब समितीसमोर ठेवा. शंभर टक्क्यांचा फलक आणि वाटेत गळालेली मुले एकाच कागदावर आली की हा सल्ला देणारेही गप्प होतात.

काठावरच्या मुलांसाठी खरी सोय वेगळी आहे, आणि आपल्याकडे ती वाया जाते. एक-दोन विषयांत राहिलेल्याला एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षाही लगेच असते. २०२५ मध्ये निकाल १३ मे रोजी लागला आणि पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली. मध्ये सहा आठवडे. पण विदर्भात हा सगळा काळ भर उन्हाळी सुट्टीचा, शाळेला कुलूप. मुलाला फॉर्म भरायची तारीखही कळत नाही. म्हणून आराखड्यातच लिहून ठेवा : निकालाच्या आठवड्यात एक शिक्षक शाळेत हजर, नापास झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी दोन दिवसांत निरोप, पुरवणीचा फॉर्म शाळेतच भरून घ्यायचा, आणि सकाळी ७ ते ९ गणित व इंग्रजीचा वर्ग. पंखा आणि थंड पाण्याचा माठ असलेली ग्रामपंचायतीची खोली पुरते. सुट्टीत येणाऱ्या शिक्षकाच्या बदली रजेचा प्रश्न एप्रिलमध्येच सोडवा, मेमध्ये तो सोडवायला कोणी जागेवर नसते.

प्रश्न : हे सगळे करायला पैसा कुठून आणायचा?
*मुख्याध्यापिका, चंद्रपूर जिल्हा*

बहुतेक गोष्टींना पैसा कमी आणि वेळ जास्त लागतो. दोन पानी चाचणी १४० मुलांना वर्षातून तीनदा दिली तर ८४० पाने. पानाला दोन रुपये धरले तरी १,६८० रुपये.

समग्र शिक्षाचे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते : ३० पर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,०००, त्यापुढे एक लाख. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. हे पैसे जूनमध्ये हाती येतील असे धरून काही ठरवू नका. उशिरा येतात आणि ३१ मार्चच्या आत खर्च करावे लागतात. म्हणून खरेदीची यादी आणि समितीचा ठराव ऑगस्टमध्येच तयार ठेवा, नाहीतर मार्चमध्ये नको त्या वस्तू घेतल्या जातात.

मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी, पिण्याच्या पाण्याची टाकी, संरक्षक भिंत ही कामे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जातात. तो पुढच्या वर्षाचा असतो आणि त्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. शाळेचे मागणीपत्र सप्टेंबरमध्ये, मोजमाप आणि अंदाजपत्रकासह ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) गेले पाहिजे. जानेवारीत गेलेले पत्र एक वर्ष मागे पडते. गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी अनुसूचित क्षेत्रात) असेल तर पाच टक्के अबंध निधीतून शिक्षणावर खर्च करता येतो, तिथे ग्रामसभेत शाळेचा विषय मांडणारी एक-दोन माणसे आधी तयार करा.

नववी-दहावीच्या मधल्या सुट्टीच्या प्रश्नाला आम्हाला लोकवर्गणीचा मार्ग बरा वाटतो. साठ मुलांना प्रत्येकी ३० ग्रॅम फुटाणे म्हणजे रोज १ किलो ८०० ग्रॅम, जोडीला गूळ. वर्षभर झेपणार नाही. नोव्हेंबर ते जानेवारी, गैरहजेरी सर्वांत जास्त असते त्या काळात करा. रोख वर्गणी घ्याल तर पावती फाडा. धान्य-गूळ आले तर वहीत तारीख, वजन आणि देणाऱ्याची सही घ्या, आणि ती वही समितीतल्या एका आईच्या ताब्यात ठेवा, शिक्षकाच्या नको.

संगणक कक्ष, प्रोजेक्टर यांच्या मागे यंदा लागू नका. वर्गात वीज दुपारी किती तास असते ते आठ दिवस लिहून काढा, मग त्यावर बोलू.